प्रवाह दिसतो, पण तो कोणाचा?

रक्तातली साखर तपासायच्या पट्टीवर थेंब टेकवला की काही सेकंदांत पडद्यावर आकडा उमटतो. आकडा मिलिग्रॅमचा असतो. यंत्राने मात्र मिलिग्रॅम पाहिलेले नसतात, ग्लुकोजही पाहिलेले नसते. त्याने मोजलेला असतो एक क्षीण विद्युत्प्रवाह, मायक्रोॲम्पिअरच्या घरातला. त्या प्रवाहातले इलेक्ट्रॉन ग्लुकोजकडूनच आले असे यंत्र धरून चालते आणि त्या भरवशावर माणूस इन्सुलिन टोचून घेतो. एवढासा प्रवाह मोजणे आता कोणालाही जमते. ज्याच्या नावावर तो मांडला त्याचाच तो आहे हे सिद्ध करणे अवघड आहे, आणि विद्युत्‌रासायनिक जैवसंवेदकांचे सगळे शास्त्र या एका अडचणीभोवती वाढले आहे.

प्रथिनांचा थर दिलेल्या कार्बन नॅनोनलिकांपासून असे सेन्सर बनवण्याचा उद्योग जगभरच्या प्रयोगशाळांत वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. शोधनिबंध हजारांनी निघाले. तरी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या पट्टीवर आजही कार्बनची छापील शाई असते, आणि दंडावर चिकटवून सतत साखर मोजणाऱ्या नामांकित सेन्सरांत प्लॅटिनम किंवा ऑस्मियम बांधलेले बहुवारिक असते. इतकी गुणी नलिका रुग्णाच्या हातापर्यंत का पोचली नाही? उत्पादनखर्च आणि मोठ्या प्रमाणावर बनवण्याच्या अडचणी, हे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. माझ्या मते खरी गोम वेगळी आहे. ‘किती कमी मोजता येते’ या शर्यतीत हे क्षेत्र इतके गुंतले की ‘जे मोजले ते कोणाचे’ हा प्रश्न मागे पडला. नलिकेचे कौतुक भरपूर झाले. तिच्यावर बसवलेल्या प्रथिनाची उलटतपासणी करायचे राहून गेले.

या विद्येचा पाया घालणाऱ्यांना तो प्रश्न पक्का ठाऊक होता. लेलँड क्लार्क यांनी १९५६ मध्ये रक्तातला ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड पुढे आणला. १९६२ मध्ये त्यांनी आणि चॅम्प लायन्स यांनी त्याच इलेक्ट्रोडवर, पातळ पटलाआड, ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम कोंडायची कल्पना मांडली. एन्झाइम हे प्रथिनच, आणि हे एन्झाइम इतर शर्करांना जवळजवळ हात लावत नाही. ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करताना ते ऑक्सिजन खर्चते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मागे सोडते. ऑक्सिजन किती घटला किंवा पेरॉक्साइड किती साचले, यावरून ग्लुकोजचा हिशेब लागतो. पण प्लॅटिनमवर पेरॉक्साइड मोजायला सहा-सात दशांश व्होल्ट लावावे लागतात, आणि तेवढ्यावर रक्तातले क जीवनसत्त्व, युरिक आम्ल, अंगदुखीसाठी घेतलेले पॅरासिटामॉल, सगळेच आपापले इलेक्ट्रॉन देऊ लागतात. इलेक्ट्रोडला त्यांच्यात भेद करता येत नाही. त्याच्या लेखी इलेक्ट्रॉन सगळे सारखेच.

यावर १९८४ मध्ये ऑक्सफर्ड आणि क्रॅनफिल्डच्या संशोधकांनी मार्ग काढला. फेरोसीन हे लोहयुक्त संयुग त्यांनी मध्यस्थ म्हणून वापरले. ते एन्झाइमकडून इलेक्ट्रॉन उचलते आणि बऱ्याच कमी व्होल्टेजला इलेक्ट्रोडकडे सोपवते. ऑक्सिजनवरचे अवलंबित्वही कमी होते. १९८७ मध्ये याच तत्त्वावरचा, पेनाच्या आकाराचा मीटर बाजारात आला. टेक्सस विद्यापीठातल्या ॲडम हेलर यांनी पुढे मध्यस्थाला मोकळे न सोडता ऑस्मियमच्या रूपात बहुवारिकाच्या साखळीला बांधले. आजच्या दंडावरच्या सेन्सरांतला एक प्रकार त्याच कामाचा वंशज. यातली कोणतीही पायरी संवेदनशीलता वाढवण्याच्या हव्यासातून आली नाही. उपाशीपोटी निरोगी माणसाच्या दर १०० मिलिलिटर रक्तात ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते; म्हणजे मोजायचा पदार्थ मुबलक आहे. सगळी बुद्धी खर्ची पडली ती परके इलेक्ट्रॉन बाहेर ठेवण्यात.

नलिका या गोष्टीत आली ती वेगळ्या दाराने. जपानमध्ये एनईसीच्या प्रयोगशाळेतून सुमिओ इजिमा यांचा गाजलेला निबंध १९९१ मध्ये आला. कार्बन अणूंची षटकोनी जाळी गुंडाळून झालेली ही नळी. एकपदरी असेल तर व्यास एका नॅनोमीटरच्या आसपास, लांबी त्याच्या हजारो पट. वीज वाहणारी, मजबूत आणि वजनाच्या मानाने प्रचंड पृष्ठभाग असलेली. जैवरेणूंच्या विद्युत्‌रसायनात तिला उतरवणाऱ्या अगदी पहिल्या कामांत मुंबईचा वाटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले के. एस. व्ही. संथानम यांनी पी. जे. ब्रिटो आणि पुलिकल अजयन यांच्यासह १९९६ मध्ये नलिका ब्रोमोफॉर्ममध्ये कालवून इलेक्ट्रोड बनवला आणि त्यावर डोपामाइन या मेंदूतल्या संदेशवाहक रेणूचे ऑक्सिडीकरण किती सहज होते ते दाखवले. त्या निबंधाने उघडलेल्या वाटेवर पुढच्या दशकात गर्दी लोटली.

गर्दीचे कारण समजण्यासारखे आहे. एन्झाइमचा गाभा आणि इलेक्ट्रोड यांच्यातले अंतर ही जुनी डोकेदुखी होती. नलिका प्रथिनापेक्षा बारीक. ती थेट गाभ्यापर्यंत नेऊन भिडवली तर मध्यस्थाची गरजच उरणार नाही, हे चित्र कोणालाही भुरळ घालील असेच आहे. पण नलिका जशी निघते तशी उपयोगाची नसते. पाण्यात ती विखुरत नाही. नलिका एकमेकींना चिकटून जुड्या होतात. तिच्या भिंती रासायनिकदृष्ट्या बऱ्याच आळशी. ऑक्सफर्डच्या रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले त्याप्रमाणे काम होते ते मुख्यतः टोकांवर. म्हणून तिच्यावर प्रथिन चढवावे लागते. प्रथिनाने एकाच वेळी नलिकांना पाण्यात सुट्या ठेवायचे, हवा तो रेणू ओळखायचा, आणि नको ते रेणू पृष्ठभागावर बसू द्यायचे नाहीत. या तीन कामांतले पहिले साधले की बाकीची दोन साधलीच, असे धरून कितीतरी सेन्सर उभे राहिले.

प्रथिनाचे सामर्थ्य त्याच्या घडीत असते. अमिनो आम्लांची साखळी ठरावीक रीतीने दुमडली तरच त्यात ग्लुकोजला ओळखणारी खोबण तयार होते. नलिकेची भिंत पाण्याचा तिटकारा करणारी; प्रथिनाच्या पोटात लपलेले तेलकट भागही तसेच. दोघांची गाठ पडली की प्रथिन उलगडून नलिकेवर पसरते. तापल्या तव्यावर अंड्यातला पारदर्शक द्रव पांढरा पडतो तेव्हा प्रथिन तव्यातच असते, पण पूर्वीचे उरलेले नसते. इथे उष्णतेशिवाय तेच घडते. अमेरिकेतल्या रेन्सेलर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००४ मध्ये एकपदरी नलिकांवर दोन एन्झाइमे नुसती चिकटू दिली. सोयाबीनच्या पेरॉक्सिडेजने मूळ कामाच्या सुमारे ३० टक्के टिकवले. कायमोट्रिप्सिनकडे जेमतेम १ टक्का उरले. म्हणजे थर बसला की नाही हे सूक्ष्मदर्शकात पाहून भागत नाही. थरातले किती रेणू अजून शुद्धीवर आहेत हे पाहावे लागते, आणि त्याचे उत्तर प्रथिनागणिक बदलते.

थर बसवायच्या रीतीही निर्दोष नाहीत. तीव्र नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात नलिका उकळल्या की त्या तुटतात, त्यांची तोंडे उघडतात, तिथे कार्बॉक्सिल गट येतात, आणि कार्बोडायइमाइडच्या साहाय्याने त्यांना प्रथिनाचे अमाइन गट पक्के जोडता येतात. जोड टिकाऊ होतो, पण भिंतीत दोष पडतात आणि वीज वाहण्याचा जो गुण पाहून नलिका निवडली तोच उणावतो. शिवाय प्रथिनाच्या अंगावर असे अमाइन गट अनेक असतात. कोणता जोडला जाईल यावर ताबा नसल्याने रेणू कोणी उताणा, कोणी पालथा बसतो. स्टॅनफर्डमध्ये होंगजी दाई यांच्या गटाने २००१ मध्ये सौम्य रीत दाखवली: पायरीनचा सपाट रेणू भिंतीला न दुखावता तिच्यावर टेकतो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला प्रथिन बांधता येते. याच गटाचे २००३ चे काम मला अधिक मोलाचे वाटते. न बोलावलेली प्रथिने नलिकेवर किती सहज बसतात हे त्यांनी आधी मोजले, मग ट्वीन २० या पृष्ठक्रियाकारकाचा थर देऊन ती रोखली, आणि त्यानंतरच ओळख पटवणारा रेणू त्या थरावर बसवला. आधी नकार शिकवला, मग होकार. हा क्रम बहुतेकांनी उलटा केला.

उलट क्रमाचे फळ ग्लुकोज ऑक्सिडेजच्या प्रकरणात दिसते. या एन्झाइमचा विद्युत्‌सक्रिय गाभा म्हणजे फ्लेव्हिनचा एक रेणू, आणि तो प्रथिनाच्या पृष्ठभागापासून दीड नॅनोमीटरच्या आसपास आत दडलेला आहे. वर साखरेच्या साखळ्यांचे आणखी एक आवरण. प्रथिनातून इलेक्ट्रॉन झेप घेऊ शकतो, पण प्रत्येक ०.१७ नॅनोमीटर वाढीव अंतराला झेपेचा वेग दसपट घसरतो. निसर्गातली इलेक्ट्रॉन वाहणारी प्रथिने सलग झेप साधारण १.४ नॅनोमीटरच्या आत ठेवतात ती यामुळेच. तरीही २००२ नंतर निबंधांमागून निबंध आले, की नलिकेवर बसवलेले ग्लुकोज ऑक्सिडेज मध्यस्थाशिवाय थेट इलेक्ट्रॉन देते. पुरावा म्हणून आलेखावर फ्लेव्हिनची टोकदार शिखरे दाखवली जात. शिखरे खरी होती. फ्लेव्हिनही खरे होते. पण ते काम करणाऱ्या एन्झाइमच्या आतले होते का?

जॉर्ज विल्सन यांनी २०१६ मध्ये हा दावा उघडपणे नाकारला. २०१८ मध्ये साउथॅम्प्टनचे फिलिप बार्टलेट आणि त्यांचे सहकारी अल्‌-लोलागे यांनी आधीचे दावे तपासून सरळ म्हटले, की नैसर्गिक रूपातल्या या एन्झाइमकडून नलिकेला किंवा ग्राफीनला थेट इलेक्ट्रॉन मिळतो याला पुरावा नाही. त्यांचे स्पष्टीकरण साधे आणि म्हणूनच अस्वस्थ करणारे आहे. उलगडलेल्या प्रथिनातून फ्लेव्हिन सुटते, विकतच्या एन्झाइमच्या नमुन्यात ते मोकळेही असते, आणि नलिका त्याला घट्ट धरते. शिखरे त्या सुट्या फ्लेव्हिनची. मग ग्लुकोज घातल्यावर प्रवाह बदलतो तो का? कारण जे थोडे एन्झाइम धड उरले आहे ते ऑक्सिजन खाते, आणि इलेक्ट्रोडवर ऑक्सिजनमुळे वाहणारा प्रवाह घटतो. सेन्सर ग्लुकोजला प्रतिसाद देत होता, यात खोटे काही नव्हते. तो १९६२ च्या क्लार्कच्या मार्गानेच देत होता, आणि श्रेय मात्र नलिकेच्या खात्यावर जमा होत होते.

असाच दुसरा हिशेब कॉम्प्टन यांच्या गटाने २००६ मध्ये चुकता केला होता. नलिका वाढवताना लोहासारख्या धातूंचे कण उत्प्रेरक म्हणून वापरतात, आणि धुऊनही त्यांचा अंश मागे राहतो. नलिकांच्या नावावर खपलेली काही विद्युत्‌उत्प्रेरक करामत या मळाची होती. इथेही प्रवाह मोजण्यात चूक नव्हती. मालक चुकीचा ठरवला होता.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल: सेन्सर ग्लुकोजला प्रतिसाद देतो ना, मग इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने आला याची चिकित्सा तत्त्वज्ञांनी करावी. हा आक्षेप वजनदार आहे. औषधशास्त्रात कितीतरी उपचार त्यांची कार्यपद्धती कळण्याआधी लोकांचे प्राण वाचवत होते. पण मापनाचे तसे नसते. बंद बाटलीतल्या स्वच्छ द्रावणात चुकीची समजूत आणि बरोबर समजूत एकच आकडा देतात. परिस्थिती बदलली की त्यांची ताटातूट होते, आणि रुग्णाचे रक्त म्हणजे सतत बदलणारी परिस्थिती. याची किंमत मोजून झाली आहे. काही ग्लुकोमीटरांत पीक्यूक्यू या सहघटकावर चालणारे ग्लुकोज डीहायड्रोजनेज वापरत. ते माल्टोजलाही ग्लुकोज समजे. पोटातून डायलिसिस करताना आयकोडेक्स्ट्रिन वापरलेल्या रुग्णांच्या रक्तात माल्टोज साचते. मीटर साखर वाढल्याचे सांगे, इन्सुलिन दिले जाई, आणि प्रत्यक्षातली साखर आणखी खाली जाई. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये इशारा दिला तेव्हा १९९७ पासून अशा तऱ्हेच्या १३ मृत्यूंची नोंद झाली होती. ते मीटर संवेदनशीलतेत कमी नव्हते. त्यांच्यातले प्रथिन रेणू ओळखण्यात चुकत होते.

मग नलिका टाकून द्यावी का? मी तसे म्हणत नाही. योग्य प्रथिनाशी गाठ घातली तर ती आपले काम चोख करते. बिलिरुबिन ऑक्सिडेज, लॅकेज यांसारख्या तांबेयुक्त एन्झाइमांत इलेक्ट्रॉन घेणारे केंद्र पृष्ठभागाजवळ असते; सेलोबायोज डीहायड्रोजनेजला तर इलेक्ट्रॉन बाहेर पोचवणारा स्वतःचा हीमयुक्त भाग असतो. यांच्या बाबतीत थेट हस्तांतर खरे आहे, वारंवार तपासलेले आहे, आणि नलिकांचा मोठा पृष्ठभाग तिथे सार्थकी लागतो. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले मात्तेओ पाल्मा आणि कार्डिफचे डॅफिड जोन्स यांच्या गटांचे काम आणखी पुढे जाते. प्रथिनाच्या साखळीत मुद्दाम निवडलेल्या जागी एक कृत्रिम अमिनो आम्ल घालायचे आणि फक्त त्याच जागेने ते नलिकेला जोडायचे. अशा रीतीने प्रतिजैविकांना निकामी करणारे बीटा-लॅक्टमेज ओळखणारे प्रथिन त्यांनी वेगवेगळ्या बाजूंनी नलिकेवर बसवले, आणि प्रथिनाचे तोंड कुठे आहे यावर विद्युत्‌संकेत ठरतो हे २०२१ मध्ये दाखवले. खाऱ्या शारीर द्रवात विद्युत्‌भाराचा प्रभाव ०.७ नॅनोमीटरपलीकडे फारसा जाणवत नाही. तेव्हा प्रथिनाची नेमकी कोणती कड नलिकेलगत येते हेच निर्णायक ठरते. नलिका तीच, ओळखायचा रेणू तोच. फरक पडला तो बसवण्याने.

कमी मोजण्याची शर्यतही सर्वस्वी फोल नाही. कर्करोगाचे किंवा हृदयविकाराचे काही निदर्शक रक्तात खरोखरच नगण्य असतात. कनेक्टिकट विद्यापीठातल्या जेम्स रसलिंग यांच्या गटाने २००६ मध्ये नलिकांवर प्रतिपिंडे आणि पेरॉक्सिडेजचे पुष्कळ रेणू लादून पुरःस्थ ग्रंथीशी निगडित पीएसए हे प्रथिन मिलिलिटरला ४ पिकोग्रॅमपर्यंत मोजले. या आकड्याचा अर्थ लागायचा असेल तर त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा लागतो. रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये एकटे अल्ब्युमिन सुमारे ४० मिलिग्रॅम असते. हव्या प्रथिनाच्या वजनाच्या हजार कोटी पट! त्यातला नगण्य हिस्सा जरी चुकीच्या जागी चिकटला तरी हवा तो संकेत बुडाला. रसलिंग यांचे काम टिकले याचे कारण त्यांनी परके प्रथिन चिकटू नये याची दक्षता घेतली, मोजणी पातळ न केलेल्या वासराच्या रक्तद्रवात केली आणि रुग्णांच्या नमुन्यांची सांगड रूढ चाचणीशी घालून पाहिली. स्वच्छ बफरमध्ये मिळालेल्या विक्रमाला असे कोणतेच पाठबळ नसते.

भारतात हा वाद प्रयोगशाळेपुरता राहत नाही. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १०.१ कोटी आहेत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १३.६ कोटी. इतक्या लोकांसाठी स्वस्त सेन्सर हवेत यात वाद नाही. पण त्यांना हवी आहे ती उन्हाळ्यात साध्या कपाटात राहूनही न बिघडणारी, आजच्या डबीतली उद्याच्या डबीशी जुळणारी पट्टी. आयएसओ १५१९७ हे मानक २०१३ पासून सांगते की १०० मिलिग्रॅम आणि त्यावरच्या साखरेसाठी ९५ टक्के आकडे १५ टक्क्यांच्या आत असायला हवेत. एकपदरी नलिकांची सर्वसाधारण भुकटी घेतली तर तिच्यात ढोबळमानाने एक तृतीयांश नलिका धातूसारख्या आणि दोन तृतीयांश अर्धवाहक, लांबी वेगवेगळी, मळ वेगवेगळा. अशा मालावर उलगडते प्रथिन चढवून १५ टक्क्यांची शिस्त पाळणे हे कोणत्याही विक्रमी निम्न मर्यादेपेक्षा अवघड काम आहे, आणि त्याला निबंधांत फारशी जागा मिळत नाही. शरीरात रोवायच्या सेन्सरांसाठी आणखी एक कसोटी आहे. लांब, ताठ, बहुपदरी नलिकांनी उंदरांच्या उदरपोकळीत ॲस्बेस्टॉससारखा दाह निर्माण केल्याचे एडिंबराच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले; आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये बहुपदरी नलिकांच्या एका विशिष्ट प्रकाराला मानवात कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात टाकले. आखूड आणि नीट आच्छादलेल्या नलिकांची गोष्ट वेगळी असू शकते. तसे असेल तर तेही पुन्हा थरावर आणि त्याच्या टिकाऊपणावर येऊन ठेपते.

म्हणून माझी मागणी निधी देणाऱ्यांकडे, नियतकालिकांच्या संपादकांकडे आणि आपल्या विद्यापीठांतल्या मार्गदर्शकांकडे आहे. नलिका-प्रथिन सेन्सरच्या प्रत्येक दाव्यासोबत आधी त्याच सेन्सरचे मौन मागावे: तीच नलिका, पण एन्झाइम मारलेले, तेच एन्झाइम, पण ग्लुकोज नसलेले, ऑक्सिजन पूर्ण काढून टाकलेले द्रावण, मोकळे फ्लेव्हिन मुद्दाम घातलेले द्रावण. पहिल्या दोन ठिकाणी तोच प्रवाह आला, ऑक्सिजन काढल्यावर प्रतिसाद गेला किंवा मोकळ्या फ्लेव्हिनने तीच शिखरे दिली, तर थेट इलेक्ट्रॉन मिळाल्याचा दावा तिथेच संपतो. त्यानंतर पातळ न केलेले रक्त, त्यात क जीवनसत्त्व आणि पॅरासिटामॉल, आणि वेगळ्या दिवशी वेगळ्या हातांनी बनवलेले सेन्सर. हे प्रयोग महागडे नाहीत. कोणत्याही बऱ्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत होतात. ते होत नाहीत, कारण शून्य आलेल्या आलेखाला बक्षीस नाही आणि नव्या निम्न मर्यादेला आहे. ही बक्षिसांची व्यवस्था माणसांनी केलेली आहे, ती बदलताही येते. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने दोन वर्षे खपून ‘हा प्रवाह एन्झाइमचा नाही’ एवढेच सिद्ध केले तर त्याला पदवी मिळाली पाहिजे, कारण त्याने पुढच्या दहा जणांची वर्षे वाचवलेली असतात. या चाळणीतून नलिका पार पडली तर पट्टीत तिची जागा कोणी अडवणार नाही. न पडली, तर छापील शाई आणि स्वस्त मध्यस्थ यांवर रुग्णांचे काम चालतेच आहे, आणि तिथेच पैसा आणि बुद्धी लावणे हा शहाणपणाचा निर्णय ठरेल.